मोबाईलवरचा वर्ग : किती भरवसा ठेवावा?

तामलवाडीकडच्या बैठकांत कापसाचा आणि ज्वारीचा भाव बोलून झाला, की हल्ली एक वेगळाच प्रश्न निघतो. 'साहेब, पोरगी नववीत आहे. मोबाईलवर कोर्स लावून द्या म्हणते. लावावा का?' विचारणाऱ्याला हो की नाही एवढंच ऐकायचं असतं. तसं उत्तर आम्ही देत नाही. बियाण्याची पिशवी घेताना आपण उगवण किती, मुदत कधीपर्यंत, हे लेबलावर पाहतो. कोर्स घेतानाही तेवढं तरी पाहायला नको का?

पहिली गोष्ट म्हणजे, फुकटात चांगलं बरंच काही आहे आणि ते आपल्या घरातच पडून आहे. बालभारतीच्या पुस्तकात पानावर तो काळा-पांढरा चौकोन छापलेला असतो, क्यूआर कोड. मोबाईल त्यावर धरला की केंद्र सरकारच्या 'दीक्षा'वर त्या धड्याचं साहित्य उघडतं. 'दीक्षा' आणि 'स्वयम्' ही दोन्ही २०१७ साली सुरू झाली. ज्याच्याकडे इंटरनेटला पैसे नाहीत त्याच्यासाठी २०२० पासून टीव्हीवर इयत्तेनुसार वाहिन्याही आहेत. सात-आठ हजारांचा कोर्स घेण्याआधी हा चौकोन एकदा तरी उघडून पाहिला का, हे पोराला विचारा. बहुतेक घरांत उत्तर 'नाही' असंच येतं.

दुसरी गोष्ट पोरांनी नीट ऐकावी. कोर्सला नाव घालणं म्हणजे कोर्स शिकणं नव्हे. हार्वर्ड आणि एमआयटी या अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांनी जगाला खुले केलेले कोर्स संशोधकांनी तपासले. २०१७-१८ साली नाव घातलेल्या शंभरांतल्या जेमतेम तिघांनी कोर्स पुरा केला. निम्म्याहून जास्त लोकांनी तर पहिला धडासुद्धा उघडला नाही. आणि हे शिकणारे बहुतेक मोठी, शिकलेली माणसं! ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले होते, त्यांतलेही निम्मे तडीस गेले नाहीत. मग चौदा वर्षांचं पोर, शेजारी कोणी विचारणारं नाही, वरून गेमचा निरोप येतोय, ते एकटं पुरं करील ही अपेक्षा कशी करायची? पेरणी करून शेताकडे फिरकायचंच नाही आणि सुगीला खळं करायला जायचं, असला हा प्रकार.

कोरोनाने हा प्रयोग साऱ्या महाराष्ट्रावर करून पाहिला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, वर्ग मोबाईलवर गेले. २०२१ ची दहावीची परीक्षा रद्द झाली. शंभरांतले पन्नास गुण नववीच्या निकालावरून दिले, उरलेले शाळेनं ठरवले, आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. आदल्या वर्षी, बहुतेक सगळे पेपर झाले होते तेव्हा, तो ९५.३० होता. एवढं पीक आलं म्हणून कोणी पेढे वाटले नाहीत, कारण वजनकाटाच काढून ठेवलेला होता.

म्हणून आम्ही म्हणतो, मोबाईलवरचा कोर्स ही शाळेची जोड आहे, बदली नव्हे. गणितात एखादी रीत अडली, तर तोच धडा चारदा ऐकता येतो. वर्गात गुरुजी चारदा सांगत नाहीत. इंग्रजीचा उच्चार कानावर पडतो. गावात विज्ञान शिकवणारं कोणी नसेल तर प्रयोग निदान दिसतो. पण पोराच्या वहीत चूक कुठे झाली, हे तो पडदा सांगत नाही. ते सांगायला माणूस लागतो. आणि 'मोबाईलवर आहे ना' असं म्हणून कोणी शिक्षकाची रिकामी जागा भरायची टाळत असेल, तर ते आपण चालू देता कामा नये.

कोर्स कुणाच्या जमिनीसाठी केलाय, हेही पाहावं. मालदांडी ३५-१ आपल्या कोरडवाहू रानात टिकली, कारण ती मोहोळला इथल्याच ज्वारीतून निवडलेली होती. शिक्षणातही उदाहरण दूरचं नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकाला क्यूआर कोड जोडले, पोरांच्या भाषेत धडे केले. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांना वाटून दिली. तिथे मोबाईल होता, पण मोबाईलमागे गुरुजी होते.

पैशाचं मात्र कडक सांगतो. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्यानेच पालकांना सावध केलं होतं : अटी वाचल्याशिवाय सही करू नका, खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी देऊ नका, फुकटच्या नावाखाली काय गळ्यात पडतंय ते बघा. ज्या बायजूजच्या जाहिराती क्रिकेटपटूंच्या छातीवर होत्या, ती कंपनी जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. पीककर्जाच्या जोडीला कोर्सचं कर्ज नको, भावांनो. दारात आलेल्या एजंटाला सरळ सांगा, आधी महिनाभर फुकट दाखव, मग बोलू.

शेवटचा मुद्दा मायबहिणींचा. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत देशभरच्या खेड्यांतली चौदा ते सोळा वर्षांची मुलं विचारली. मोबाईल वापरता येणाऱ्या शंभरांतल्या ७६ जणांनी त्या आठवड्यात फेसबुक-व्हॉट्सॲपसारख्यांवर वेळ घालवला होता. अभ्यासाला वापरणारे ५७. आणि वापरता येणाऱ्यांत स्वतःचा मोबाईल असलेले मुलगे शंभरांत ३६, मुली २७. घरात एकच मोबाईल, तो दिवसभर बापाच्या खिशात, संध्याकाळी भावाच्या हातात. पोरीला मिळतो तो रात्री भांडी झाल्यावर, चार्जिंग संपलेला. कोर्स लावायच्या आधी तिचा एक तास ठरवा, दिवेलागणीच्या आधीचा, आणि तो भावाला मोडू देऊ नका. घरात जमत नसेल तर, शाळेत संगणकाची खोली असेल तिथे ती शाळा सुटल्यावर दोन तास उघडी ठेवावी असा ठराव पुढच्या ग्रामसभेत मांडता येईल. किल्ली कोणाकडे राहणार, हेही त्याच ठरावात लिहून घ्या.