गाडी विकणे आहे (गंजासकट)

शेवटी आमची इंडिका विकायची ठरली. २००३ ची, डिझेल, एमएच-१४. बाबा तेव्हा पिंपरीच्या टेल्कोत होते. कंपनीचं नाव त्याच वर्षी टाटा मोटर्स झालं, पण आमच्या घरात अजूनही टेल्कोच! ऑस्ट्रेलियातल्या निसानच्या बंद कारखान्यातली मशिनरी उचलून इथे आणली आणि इंडिकाची लाइन उभी केली, ही गोष्ट मी लहानपणी इसापनीतीसारखी ऐकलीय.

तर परवा शनिवारी एक एजंट आला. पत्रा टकटक वाजवून म्हणाला, "दादा, पुट्टी भरू, रंग मारू, खालून काळं कोटिंग करू. कुणाला कळणार नाही. वीस हजार जास्त येतील."

न कळण्यासारखं काय? तर ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजून भोक पडलंय. दोष आमचाच. इतके पावसाळे गाडी उघड्यावर उभी होती.

वीस हजार म्हटल्यावर मी अर्धा तास विचार केला, खोटं कशाला बोलू. "घेणाऱ्याने बघून घ्यावं" हे ठीक आहे, पण पुट्टीच्या आत तो कसा बघणार? आम्ही ऑफिसात सॉफ्टवेअर देतानासुद्धा माहीत असलेल्या बग्सची यादी सोबत देतो. इथे तर त्या पत्र्यावर पाय ठेवून कुणीतरी ब्रेक दाबणार आहे. आणि ज्याला गाडी खरंच नीट करायचीय, तो आधी ही पुट्टीच खरवडणार. म्हणजे भुर्दंड डबल.

माझं मत सरळ आहे. जुनी गाडी आहे तशी विकावी. गंजाचे फोटो दाखवावेत, गॅरेजवाल्याकडून खर्चाचा अंदाज लिहून घ्यावा आणि तेवढी किंमत उतरवावी. इंडिकाचं उत्पादन २०१८ साली थांबलं, हेही सांगावं. नोंदणी कधी संपते तेही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने वीस वर्षांवरच्या कारचं नूतनीकरण शुल्क पाच हजारांवरून दहा हजार केलंय. आमची मुदत २०२८ पर्यंत आहे, पुढचा खर्च घेणाऱ्याचा.

आणि कोऱ्या फॉर्मवर सह्या करून एजंटच्या हाती देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० पूर्ण भरून, आरटीओत नाव बदलेपर्यंत पाठपुरावा करा. २०१८ साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. गाडी विकून टाकली असली तरी!

रविवारी चाकणला नोकरी करणारा एक मुलगा आला. जुन्या गाड्यांचं वेड असलेला. मी सुरुवात कशी करावी याचा विचार करतोय, तोवर बाबांनी स्वतःच मॅट उचललं.

"हे बघ बाळा, इथून रस्ता दिसतो. आधी हे वेल्डिंग करून घे, मगच चालव."

तो खाली वाकून बघत राहिला. मग वीस नाही, पंचवीस हजार कमी करून मागितली :)

बाबा हो म्हणाले.