रायफलीच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे?

आमच्या मुरूड तालुक्यात एखाद्या मुलीने "मला नेमबाजी शिकायची आहे" असे म्हटले की घरात तीन प्रश्न येतात. लोक काय म्हणतील? उद्या पोलिसांनी विचारले तर काय सांगायचे? आणि मुलीच्या हातात बंदूक कशाला? मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. हे तिन्ही प्रश्न मी पालकांच्या तोंडून वारंवार ऐकले आहेत. जो प्रश्न खरा महत्त्वाचा, तो मात्र आजवर एकाही पालकाने विचारलेला नाही. ज्या रेंजवर मूल जाणार, तिथल्या रायफली रात्री कुठे असतात आणि त्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते?

आगरदांड्याच्या माणसाला रायफल या शब्दाची धास्ती का वाटते, हे मला कुणी सांगायला नको. जेट्टीवर उभे राहिले की राजपुरी खाडीच्या पलीकडे दिघी दिसते. १९९३ च्या सुरुवातीला या दिघीच्या आणि श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर शस्त्रे आणि आरडीएक्स उतरवले गेले. १२ मार्चला मुंबई हादरली. त्या खटल्यात कस्टमचे अधिकारी आणि पोलीसही दोषी ठरले, पण संशय रेंगाळला तो किनाऱ्यावरच्या मुसलमान वस्त्यांवर. पुढे १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरजवळ 'लेडी हान' नावाची बोट सापडली. तिच्यात तीन एके-४७ रायफली होत्या. ती एका ऑस्ट्रेलियन महिलेची बोट असून इंजिन बंद पडल्यावर मस्कतजवळ खलाशांची सुटका झाली होती आणि रिकामी बोट वाहत इकडे आली, दहशतवादाशी तिचा संबंध दिसत नाही, असे त्याच दिवशी विधिमंडळात सांगितले गेले. तोवर जिल्हाभर नाकाबंदी लागली होती आणि कुठल्या वस्तीकडे बोट दाखवायचे हे काहींनी ठरवूनही टाकले होते.

या दोन्ही घटनांत भीती कशातून आली ते पाहा. पहिल्या घटनेत शस्त्राची नोंद मुद्दाम टाळली होती. दुसऱ्या घटनेत शस्त्राजवळ राखणारा कुणी उरला नव्हता. ज्या रायफलीचा नंबर वहीत आहे, जी कुणी घेतली, कधी घेतली, कधी परत केली हे सहीनिशी लिहिलेले आहे, तिच्यामुळे हा किनारा एकदाही हादरलेला नाही. म्हणून "आपल्या मुलांनी रायफलीपासून लांब राहावे" हा मोहल्ल्यातला सल्ला मला पटत नाही. लांब राहिल्याने आपल्यावरचा संशय एका रतीनेही कमी झाला नाही. मुलांचा एक खेळ मात्र गेला.

आणि तो खेळ परका नाही. सुमा शिरूर आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या पनवेलमध्ये मुलांना घडवतात. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत ही नावे महाराष्ट्राने देशाला दिली. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकणारा स्वप्निल कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, एका शिक्षकाचा मुलगा. खेड्यातले शिक्षकाचे पोर तिथवर जाते, तर आपले का नाही?

"हे आपल्या दीनमध्ये बसते का?" असेही विचारले जाते. नेमबाजीचे कौतुक हदीसमध्ये आहे, हे आपले मौलाना सांगतातच. मला त्याहून मोलाच्या वाटतात त्या शस्त्र हाताळण्याच्या सूचना. बाण घेऊन मस्जिदीतून किंवा बाजारातून जाणाऱ्याने बाणांची टोके हातात धरावीत, म्हणजे कुणाला इजा होणार नाही, हा आदेश बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. आपल्या भावावर, मग तो सख्खा का असेना, शस्त्र रोखणाऱ्याला फरिश्ते लानत करतात, असेही आले आहे. उघडी तलवार हातातून हातात देऊ नये, अशीही मनाई आहे. जे वाचक मुसलमान नाहीत त्यांनी या तीन गोष्टी आजच्या रेंजच्या भिंतीवरच्या नियमांशी ताडून पाहाव्यात. नळीचे तोंड कधीही माणसाकडे नको, रायफल मोकळी केल्याशिवाय दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, गर्दीच्या जागी शस्त्र बंद हवे. चौदाशे वर्षांत शस्त्र बदलले, शिस्त तीच आहे. तेव्हा प्रश्न मुलाच्या हातात रायफल असण्याचा नाही, ती कशी धरली आणि कुठे ठेवली याचा आहे.

आता दुसऱ्या बाजूकडे वळते. "अहो, एअर रायफल आहे, खेळणेच ते" असे म्हणत हॉल भाड्याने घेऊन रेंज काढणारे लोक वाढले आहेत. ठरावीक ताकदीपर्यंतच्या ४.५ मिलिमीटरच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, हे खरे. पण परवान्यातून सूट मिळाली म्हणजे डोळा फुटण्यातून सूट मिळाली असे नाही. शिशाचा तो छर्रा दहा मीटरवरचा कागद भेदतो, तसा माणसाचा डोळाही भेदतो.

शाळेतल्या एका मुलीच्या पालकांबरोबर मी अशी एक जागा पाहून आले. नाव सांगत नाही, कारण तसल्या जागा एकाच गावात नाहीत. रायफली भिंतीला टेकवून उभ्या होत्या. छर्ऱ्यांचा डबा चहाच्या कपांशेजारी उघडा होता. एक मुलगा नेम धरून बसलेला असताना दुसरा निशाणाचा कागद बदलायला पुढे चालत गेला आणि प्रशिक्षक फोनवर बोलत होते. निशाणामागे छर्रे अडवणारी पेटी नव्हती, नुसती सिमेंटची भिंत होती. भिंतीवरून छर्रा उलट येतो हे सांगितल्यावर उत्तर मिळाले, "मॅडम, इतकी वर्षे काही झालेले नाही." आपल्याकडे प्रत्येक अपघाताच्या आदल्या दिवसापर्यंत हे वाक्य खरेच असते.

अनुभवी खेळाडूलाही सूट नाही. जून २०२४ मध्ये दिल्लीच्या डॉ. कर्णी सिंग रेंजवर एअर पिस्तुलाच्या सिलिंडरमध्ये हवा भरताना स्फोट होऊन राष्ट्रीय पातळीवरच्या एका नेमबाजाला डाव्या हाताचा अंगठा गमवावा लागला. या सिलिंडरमध्ये साधारण २०० बारचा दाब असतो. त्याच्यावर मुदत छापलेली असते आणि ती संपल्यावर तो वापरायचा नसतो. आगरदांडा-दिघी फेरीसाठी गाड्या भर उन्हात रांगेत थांबतात. तशा बंद गाडीत भरलेला सिलिंडर ठेवणारा माणूस काय ठेवून चहाला गेला आहे, हे त्याला कळायला हवे.

नीट चालवलेली रेंज कशी असते? तिथे रायफल बंद पेटीतून येते. पेटी फायरिंग लाइनवर उघडते, तेव्हा नळीचे तोंड निशाणाकडे असते. लिव्हर उघडी असते आणि नळीतून भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग आरपार घातलेला असतो. तो दिसला की नळीत छर्रा नाही हे लांबूनही कळते. हुकूम एकाच माणसाचा चालतो. तो 'स्टॉप' म्हणाला की सगळे थांबतात. सगळ्या रायफली मोकळ्या होऊन, फ्लॅग लागून, हात बाजूला झाल्याशिवाय लाइनपुढे कुणी पाऊल टाकत नाही. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरवर जात नाही. छर्रे शिशाचे असतात म्हणून खाण्याआधी हात धुवावे लागतात. खेळ संपल्यावर रायफली भिंतीत ठोकलेल्या लोखंडी कपाटात जातात आणि छर्रे वेगळ्या कुलपात. पॉइंट टू-टू रायफल असेल तर परवाना आला आणि बोल्टही वेगळा ठेवला जातो. आपल्या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट लागते. खाऱ्या, दमट हवेत चार महिन्यांच्या पावसात लोखंड गंजते. फोमच्या पेटीत ओल धरून राहिलेली, लिव्हर अडकणारी रायफल मुलाच्या हाती देणे हाही निष्काळजीपणाच आहे. रायफल पुसून, तेलाचा हात फिरवून कोरड्या कपाटातच ठेवायला हवी.

यातले बरेचसे मी कॉलेजात एनसीसीमध्ये पाहिले. पॉइंट टू-टूच्या फायरिंगनंतर 'जांच शस्त्र'चा हुकूम व्हायचा, प्रत्येक रायफल उघडून पाहिली जायची. दिलेल्या गोळ्या आणि झाडल्यावर उरलेले खाली केस यांचा हिशेब जुळल्याशिवाय आम्हाला मैदान सोडता येत नसे. एक केस सापडेना म्हणून आम्ही सगळ्या मुली गवतात ओणव्या होऊन शोधत होतो, तेव्हा कुणी कुरकुर केली नाही.

"एवढे सगळे परवडत नाही" हे कारण मला मान्य नाही. स्पर्धेची एक चांगली एअर रायफल घ्यायला लाखावर रुपये जातात. कुलपाचे कपाट त्याच्या काही अंशांत येते आणि नोंदवही किराणा दुकानाशेजारी मिळते. ज्याला रायफल परवडते आणि कपाट परवडत नाही, त्याने रेंज काढू नये.

आपल्या समाजासाठी या वहीचे मोल दुप्पट आहे. ती मुलाचा डोळा सांभाळते आणि मुलाचे नावही सांभाळते. उद्या कुणी विचारले की ही पोरगी बंदूक घेऊन कुठे जाते, तर रायफलीचा नंबर, वेळ, प्रशिक्षकाची सही असे कागदावरचे उत्तर पालकांच्या हाती असले पाहिजे. ज्या रेंजवर वही नाही, तिथे इतरांचे मूल फार तर जखमी होण्याचा धोका पत्करते. आपले मूल त्याशिवाय संशयाचाही धोका पत्करते.

म्हणून पालकांनो, पदकांचे फोटो नंतर बघा. आधी कपाट उघडून दाखवा म्हणा. वही मागा, कालच्या तारखेचे पान बघा. किल्ली कोणाकडे असते आणि तो माणूस रजेवर असला की कोणाकडे जाते, ते विचारा. सिलिंडरवरची मुदत वाचा. उत्तर देताना जो चिडेल, त्याच्याकडे मूल ठेवू नका. जो शांतपणे सगळे दाखवेल, त्याच्याकडे मुलीला बिनदिक्कत पाठवा आणि लोक काय म्हणतील ते लोकांवर सोडा.