भाजलं की शुद्ध?



"अगं, भाजल्यावर काय राहतंय त्यात?" हे वाक्य ऐकून माझे कान किटलेत. काजूचं पाकीट फोडायचं, थेट तापल्या कढईत ओतायचं आणि वर हे सांगायचं. भाजल्यावर काही राहत नाही, कबूल. पण भाजण्याआधी त्यात जे होतं, त्याचं काय?

मागच्या चातुर्मासात खिरीसाठी काजू परतताना माझ्याच कढईच्या काठावर एक पांढरी अळी चढताना दिसली. झटकन गॅस बंद केला, पण ती वाचली नाही. पाकीट नवं, बंद होतं, म्हणून मी उघडून पाहिलंच नव्हतं.

आपण पाणी गाळतो, कांदा-लसूण टाळतो, सूर्यास्ताआधी जेवतो. मग सुक्या मेव्यालाच मोकळीक का? कुणी म्हणेल, स्वयंपाकातली हिंसा ही आरंभी, ती गृहस्थाला टळत नाही. न टळणारी वेगळी आणि आळसानं होणारी वेगळी. तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद आलाय, हे आपण पाठशाळेत शिकलोय ना?

आणि काम तरी केवढं? काजूच्या दोन पाकळ्या सोडवून आत बघायचं, जाळी तिथंच धरते. अक्रोडाच्या घड्या उजेडाकडे धरायच्या. शेंगदाणे ताटात पसरून सुरकुतलेले, काळपट, बुरशीचे काढून टाकायचे. बुरशीचं विष भाजून पूर्ण जात नाही, म्हणजे "भाजलं की शुद्ध" तिथंही खोटंच! हे सगळं दिवसाउजेडी. अळी सापडली तर त्या दाण्यासकट बाहेर सावलीत ठेवायची. मालिका बघत बघत मात्र हे होत नाही.

मग खुशाल जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर भाजा, सारखं हलवा, रंग पुरता येण्याआधीच ताटात काढा. तापलेल्या कढईत ठेवले तर दाणे करपतात.

आता कुटाचा डबा. पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, थंडीत ७, हे आपल्याला तोंडपाठ. कूट मात्र महिन्याचं! सासूबाई लागतील तेवढेच दाणे निवडून भाजायच्या आणि मी मनात हसायचे. आता मीही रोज मूठभरच भाजते.