नळाला पाणी आलं म्हणजे झालं?

एप्रिल संपत आला की मिनिआपोलिसच्या आसपासच्या ड्राइव्हवेंवर एक ठरावीक दृश्य दिसायला लागतं. सहा महिने कव्हरखाली झोपलेला ट्रॅव्हल ट्रेलर उघडलेला असतो, शेजारी पाण्याची पांढरी नळी पसरलेली असते, आणि अजून जाकीट न उतरवलेला एक गृहस्थ ट्रेलरला प्रदक्षिणा घालत असतो. मग तो बाहेरून ओरडतो, "आलं का पाणी?" आतून बायको म्हणते, "आलं, आलं!" की झालं. नळी गुंडाळली, दार लावलं, भेटू मेमोरियल डेला.

हा गृहस्थ तीन वर्षांपूर्वी मी होतो, त्यामुळे आज जे लिहितोय ते थोडं स्वतःवर चिडूनच लिहितोय.

ज्यांनी ही भानगड पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढायचं छोटं घर. त्यात पाण्याची टाकी, १२ व्होल्टचा पंप, गीझर, मोरी, संडास, सगळं असतं. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं, आणि मिनेसोटात ते गोठतंच. म्हणून ऑक्टोबरात सगळं पाणी काढून, गीझर बायपास करून, उरलेल्या पाइपांतून गुलाबी अँटीफ्रीझ फिरवायचं. (गुलाबीच हं! ते प्रोपिलीन ग्लायकॉल. गाडीच्या रेडिएटरमध्ये जे घालतात ते सहसा एथिलीन ग्लायकॉल असतं आणि ते विष आहे.) वसंतात हे सगळं उलटं करायचं. यातला पहिला भाग लोक मन लावून करतात, कारण थंडीची भीती असते. दुसऱ्या भागात कुणाला कशाचीच भीती नसते. ऊन पडलेलं असतं, पोरं "कधी जायचं, कधी जायचं" करत असतात, आणि नळाला पाणी आलेलं असतं.

आता माझी गोष्ट. २०२२ च्या ऑक्टोबरात मी सगळ्या नळांतून गुलाबी पाणी काढलं. स्वयंपाकाचा ओटा, बेसिन, शॉवर, अगदी संडाससुद्धा. विसरलो एकच: बाहेरचा शॉवर. ट्रेलरच्या मागच्या बाजूला एक छोटं झाकण असतं, त्याच्या आत चिखलाचे पाय धुवायला एक शॉवर असतो. आम्ही तो कधी वापरलाच नव्हता. तिथल्या फिटिंगमध्ये जे चमचाभर पाणी राहिलं त्याने जानेवारीत आपलं काम केलं. पाइप तसे चिवट असतात, हे नवे पेक्सचे पाइप थोडं ताणून घेतात. तडकतात ती फिटिंग्ज, नळांच्या आतले भाग, पंपाचं तोंड. चीर पडली ती केसाएवढी.

मे २०२३ मध्ये पाणी आलं. छान आलं. आम्ही लेक सुपीरियरच्या काठाला गूसबेरी फॉल्सला गेलो. रात्री सगळे झोपल्यावर पंप मधूनच दोन सेकंद घर्रर्र करायचा. पुन्हा वीस-पंचवीस मिनिटांनी घर्रर्र. शेजारच्या साइटवर एक मित्र होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, "अरे, सगळ्यांचाच करतो." मी मान डोलावली. ज्या माणसाला लॉगमध्ये दर वीस मिनिटांनी एकच एरर दिसली तर झोप येत नाही, तो माणूस "सगळ्यांचाच करतो" ऐकून घोरायला लागला.

पंपाचं डोकं साधं आहे. त्यात दाबाचा स्विच असतो. नळ उघडला, दाब उतरला, पंप सुरू. नळ बंद, दाब भरला, पंप बंद. सगळे नळ बंद असताना पंप फिरला तर दाब कुठेतरी उतरतोय. एक तर पाणी टाकीत मागे जातंय, नाहीतर बाहेर जातंय. आमचं पलंगाखाली जात होतं. ऑगस्टमध्ये तिथली जमीन पायाखाली दबायला लागली आणि ओल्या गोणपाटासारखा वास यायला लागला. दुरुस्तीचे तेवीसशे डॉलर, आणि उरलेला सीझन ट्रेलर दुरुस्तीला. फिटिंगची किंमत? बारा डॉलर.

म्हणून माझी पहिली मागणी ही: पहिल्या ट्रिपच्या निदान एक आठवडा आधी, घरीच, टाकीत पाणी भरा, पंप सुरू करा, सगळे नळ उघडून हवा जाऊ द्या, मग सगळे बंद करून अर्धा तास आत गप्प बसा. रेडिओ नको, फोन नको. फक्त ऐका. पंप एकदाही बोलला नाही पाहिजे. बोलला तर टॉर्च आणि टिश्यू पेपर घेऊन प्रत्येक जोडाखाली हात फिरवायचा. ओला टिश्यू लगेच दिसतो, ओलं प्लायवूड दिसत नाही. ही परीक्षा कॅम्पग्राउंडवर देण्यात अर्थ नाही, तिथे पोरं, मच्छर आणि भूक हे तिन्ही एकदम आलेले असतात.

गीझरबद्दल दोनच गोष्टी सांगतो, कारण त्यात मी अजून तरी पोळलेलो नाही. एक, आधी गीझर बायपासवरच ठेवून पाइपांतलं गुलाबी पाणी धुऊन काढा, नळाला स्वच्छ पाणी आल्यावरच गीझरचे व्हॉल्व्ह फिरवा. नाहीतर ते अँटीफ्रीझ गीझरमध्ये जातं आणि आठवडाभर गरम पाण्याला फेस येत राहतो. दुसरी, गरम पाण्याच्या नळाला अखंड धार लागेपर्यंत विजेचं बटण दाबू नका. कोरड्या टाकीत एलिमेंट बघता बघता जळतं. सबर्बन कंपनीच्या गीझरला आतल्या बटणाशिवाय आणखी एक छोटं बटण बाहेरच्या झाकणामागे, खालच्या कोपऱ्यात असतं. हिवाळाभर ते बंद ठेवलं तर आतून कुणी चुकून दाबलं तरी निभावतं. त्याच झाकणामागे अॅनोड रॉडही असतो. टाकीऐवजी आपण गंजायचं असं व्रत घेतलेली ती कांडी. बरीचशी झिजली असेल तर नवी घाला. (अॅटवूडच्या गीझरची टाकी अॅल्युमिनियमची, तिला ही कांडी लागत नाही. आणि गीझर थंड असल्याशिवाय व दाब सोडल्याशिवाय बूच उघडायचं नाही, हे सांगायला नकोच.)

आता ज्या मुद्द्यावर मित्रांशी दरवर्षी वाजतं तो मुद्दा: टाकी आणि पाइप ब्लीचने निर्जंतुक करणं. यात एक रात्र जाते आणि दिसत काहीच नाही. पाणी आधीही स्वच्छ दिसत होतं, नंतरही तसंच दिसतं. त्यामुळे पहिली कात्री यालाच लागते.

"आम्ही टाकीतलं पाणी पीतच नाही," हे नेहमीचं उत्तर. "पिण्याच्या बाटल्या नेतो." बरं, दात कशाने घासता? भाजी कशाने धुता? आंघोळ? मिनेसोटातल्या बहुतेक स्टेट पार्कांमध्ये साइटवर वीज मिळते पण पाण्याचा नळ नसतो, टाकी भरून न्यावी लागते. म्हणजे टाकी वापरणारच. आणि काही जंतूंना तुम्ही पाणी पिण्याची गरजच नसते. १९७६ साली फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं, तिथे लोक न्यूमोनियाने पटापट आजारी पडले, कित्येक दगावले. ज्या जंतूमुळे हे झालं त्याला पुढे लीजनेला नाव पडलं. तो कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि शॉवरच्या तुषारांसारख्या बारीक थेंबांतून श्वासात जातो. मी घाबरवत नाहीये. शहराचं क्लोरीनवालं ताजं पाणी भरून दोन दिवसांत टाकी रिकामी करणाऱ्याला धोका कमीच. पण आपली सवय तशी नसते. उरलेलं पाणी तसंच ठेवून आपण तीन आठवड्यांनी पुन्हा निघतो, जुलैच्या उन्हात. शिवाय एक गंमत अशी की अँटीफ्रीझ दाट असताना जंतू वाढू देत नाही, पण अर्धवट धुतलं जाऊन पातळ झालं की तेच ग्लायकॉल जंतूंचं खाद्य होतं. म्हणजे घाईघाईने नुसतं खळबळून घेणाऱ्याने त्यांना ताट वाढून ठेवलेलं असतं.

मला हे कुणी अमेरिकेत शिकवलं असं नाही. आजोळी, वाईजवळच्या गावात, विहिरीत टीसीएल पावडर टाकायला माणूस यायचा. बादलीत आधी कालवायचा, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी विहिरीत सोडायचा. तासाभराने एका नळीत पाणी घेऊन त्यात ओटीचे थेंब टाकायचा आणि आम्ही पोरं डोळे फाडून बघायचो. पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे, नाही झालं की पुन्हा. पिवळं न होता तो उठून गेलाय असं मी पाहिलं नाही. आमच्या आजीच्या मते त्या दिवशी चहाची चव बिघडायची, पण तिने कधी त्याला अडवलं नाही.

ट्रेलरचा हिशोब वेगळा, कारण इथे पाणी प्यायचं नसून भांडं घासायचं असतं. विहिरीत लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन उरलं की पुरे. इथे पन्नासच्या पुढे लागतं, म्हणजे शंभरपट. प्रमाण सोपं आहे: १५ गॅलनला पाव कप साधं ब्लीच. माझी टाकी ४० गॅलनची आणि गीझर ६ गॅलनचा, म्हणून मी पाऊण कप घेतो. साधं म्हणजे साधं, सुगंधी नको, "उडत नाही" म्हणून विकतात ते दाट तर मुळीच नको. बाटली ताजी हवी, कारण ब्लीच पडून पडून उतरतं. आधी बादलीभर पाण्यात कालवायचं (टीसीएलवाल्यासारखंच), मग टाकीत ओतून टाकी काठोकाठ भरायची. पाण्याचा फिल्टर असेल तर काडतूस आधी काढून ठेवायचं. मग पंप लावून एकेक नळ, गरम आणि गार दोन्ही, ब्लीचचा वास येईपर्यंत उघडायचा. संडासही. आणि बाहेरचा शॉवर! तो मी आता सगळ्यात आधी उघडतो. गीझरमधून ब्लीच न्यायचं की नाही यावर लोक भांडतात. मी नेतो, कारण कोमट पाणी साचतं ते तिथेच. रात्रभर, म्हणजे बारा तास, तसंच राहू द्यायचं. सकाळी सगळं काढायचं आणि टाकी भर, रिकामी कर, पुन्हा भर. माझ्या दोन फेऱ्यांत वास जातो, कधी तिसरी लागते.

वास गेला म्हणजे गेलं असं मात्र मी धरत नाही. हॉट टबसाठी ज्या कागदी पट्ट्या मिळतात त्यातली एक बुडवून बघतो. इथल्या पिण्याच्या पाण्यात क्लोरीन ४ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, पट्टीने त्याच्या खालचा रंग दाखवला की मी नळी गुंडाळतो. पोरगी हल्ली त्या पट्टीसाठी भांडते.

"एवढं कशाला, डीलरला दे की," असंही ऐकतो. मागच्या वर्षी एकाने दीडशे डॉलर सांगितले. मला पैशांचं तेवढं नाही. मी विचारलं, दाबाखाली किती वेळ ठेवता? तो म्हणाला, "पाणी येतंय का ते बघतो." आता बोला! म्हणजे तोही बाहेरून "आलं का?" असंच विचारणार, फक्त बिल देऊन. ज्याची पाठ चालत नाही, ज्याला वेळच नाही, त्याने जरूर द्यावं, पण तो अर्ध्या तासाचा गप्प बसायचा भाग स्वतः करावा. त्याला पाठ लागत नाही.

आणि हे सेकंडहँड घेणाऱ्यांना जास्त लागू. २०२१ मध्ये अमेरिकेत सहा लाखांच्या आसपास आरव्ही कारखान्यांतून बाहेर पडल्या. सगळ्यांना एकदम तंबूचा कंटाळा आला होता. त्यातल्या कितीतरी आता दुसऱ्या हातात जातायत, आपल्या मंडळींच्याही. आधीच्या मालकाने ऑक्टोबरात कुठला नळ विसरला होता हे तो तुम्हाला सांगणार नाही, कारण त्यालाही ते माहीत नसतं. विकत घेताना टायर बघता, छत बघता, तसं "पंप चालू करून अर्धा तास बसू दे" म्हणा. तो अर्धा तास द्यायला जो का-कू करेल त्याच्याकडून मी तरी घेणार नाही.

तो शेजारच्या साइटवरचा मित्र अजून म्हणतो की सगळ्यांचाच करतो. त्याच्या ट्रेलरमध्ये पलंगाखाली वाकून बघायला तो मला देत नाही. असो.

या शनिवारी करणार होतो, पण रात्री पारा पुन्हा शून्याखाली जाणार म्हणतायत, आणि टाकीभर पाणी रात्रभर ठेवायचं तर ती हिंमत नको. पुढच्या शनिवारी. तोवर ब्लीचची नवी बाटली आणायची आहे. गॅरेजमधल्या बाटलीवर माझ्याच अक्षरात २०२३ लिहिलंय.