आजीची ओवी जपायची, तर शाळेने रेकॉर्डर कोणता घ्यावा?



ओवी आपण पुस्तकात वाचतो, पण ती मुळात ऐकायची गोष्ट. हेमा राईरकर, गी पॉइटवाँ आणि त्यांच्या साथीदारांनी गावोगावी फिरून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यातल्या हजारो ध्वनिमुद्रित केल्या, म्हणून आज त्यांची चालही कळते.

आपली मांजरी आता शहर झाली. जात्यावर दळलेल्या आज्या घरात आहेत, तोवर हे काम शाळांनी हाती घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग मोबाईल चालणार नाही का? शब्दांपुरता चालेल. पण बरेच मोबाईल आवाज 'स्वच्छ' करताना जात्याची घरघर गोंगाट समजून दाबतात. ओवीची लय तर त्या घरघरीवरच चालते! म्हणून हातात मावणारा साधा रेकॉर्डर घ्या. त्यात तीन गोष्टी बघा: वेव्ह फाईल, हेडफोनची सोय आणि वारा अडवणारं माईकचं टोपण. 48 किलोहर्ट्झ, 24 बिटवर स्टिरिओ मुद्रणाला तासाला साधारण 1 जीबी जागा लागते.

महागडा माईक लांब ठेवण्यापेक्षा साधा माईक हातभर अंतरावर बरा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. पंखा बंद करा, रेल्वे जाऊ द्या. आणि आधी आजींची परवानगी घ्या. त्यांचं नाव, गाव, तारीख लिहून ठेवा.

यंत्र पुढच्या वर्षीही मिळेल. आवाज मिळेलच असं नाही. तुम्हाला काय वाटतं?