मधला भाव कोणता?

महागाव तालुक्यातील फुलसावंगीचा कास्तकार कापूस विकण्याआधी उमरखेड-पुसदचे भाव विचारतो. उत्तर मिळते, "सात हजारापासून साडेआठ हजारापर्यंत." मग तो दोन्ही आकड्यांची बेरीज करून निम्मे करतो आणि ७,७५० रुपये मधला भाव धरून बसतो. व्यापार-उदिमात याइतका फसवा हिशेब दुसरा नसेल.

समजा, लिलावात सात गाड्या विकल्या गेल्या. क्विंटलचे भाव चढत्या क्रमाने लावले : ७,०००, ७,०५०, ७,१००, ७,२००, ७,२५०, ७,३०० आणि ८,५००. आता बरोबर मधला, म्हणजे चौथा आकडा पाहा. ७,२०० रुपये! शाळेच्या पुस्तकात यालाच मध्यक म्हणतात. सरासरी काढली तर ७,३४३ येते. तेवढा भावसुद्धा सातांपैकी एकाच गाडीला मिळाला. एका उत्तम मालाच्या गाडीने सगळा आकडा वर ओढला.

२०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये होता. कास्तकाराचे ७,७५० ऐकून वाटेल, बाजार हमीभावाच्या वर आहे. वरील उदाहरणात मात्र सातपैकी सहा गाड्या त्याखाली गेल्या. वीस क्विंटलवाल्याच्या हिशेबात अकरा हजारांचा फरक पडतो, आणि त्या अकरा हजारांच्या भरवशावर किराणा दुकानदाराने उधारी दिलेली असते. तोही आपल्यातलाच.

मध्यक काढताना आकडे आधी क्रमाने लावावेत. गाड्या आल्या त्या क्रमाने मधली गाडी धरून चालत नाही. आकडे आठ असले तर मधल्या दोहोंची बेरीज करून निम्मे करावे. दोन क्विंटलची गाडी आणि चाळीस क्विंटलचा ट्रक एकाच मापाने मोजणेही बरे नव्हे. तेथे मधली गाडी न शोधता मधला क्विंटल कोणत्या भावाने गेला ते पाहावे. जिनिंगवाल्याला एकूण किती रक्कम लागेल हे काढायचे असेल तर सरासरीच हवी, हेही खरे.

बाजार समित्यांच्या तक्त्यात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन रकाने असतात. सर्वसाधारण म्हणजे ज्या भावाने जास्त माल गेला तो. पुष्कळ जण त्यालाच सरासरी समजतात. आमचे म्हणणे एवढेच की चौथा रकाना मध्यकाचा असावा. प्रत्येक सौद्याची पट्टी समितीकडे असतेच, ती क्रमाने लावायला कारकुनाला कितीसा वेळ लागणार? तोवर खेडा खरेदीवाल्याने भाव सांगितला की, किती गाड्या त्या भावाने गेल्या, हे विचारायला संकोच करू नये.