शाखा दोन, बँक एक

कल्याणच्या दूधनाक्यावर आमच्या फुफी राहतात. शिवणकामातून जमवलेले साडेसहा लाख त्यांनी एका सहकारी बँकेत ठेवले होते; निम्मे कल्याणला, निम्मे डोंबिवलीच्या शाखेत. दोन ठिकाणी ठेवले की जोखीम कमी, हा त्यांचा हिशोब. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी बँकेच्या दारावर नोटीस लागली. रांगेतून परत येऊन त्या एवढंच म्हणाल्या, "पैसे आहेत म्हणतात, पण देत नाहीत."

नोटिशीत 'कलम ३५अ' होतं. १९४९च्या बँकिंग नियमन कायद्यातल्या या कलमाने रिझर्व्ह बँक पैसे काढण्यावर बंधन घालू शकते. सप्टेंबर २०१९मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढता येणार होते. घरोघरी काय झालं असेल, ते ठाणेकरांना वेगळं सांगायला नको.

ठेवींचा विमा आपल्याकडे जुना. १९६०मध्ये केरळची पलाई सेंट्रल आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, त्यानंतर १९६२पासून दीड हजार रुपयांच्या संरक्षणाने तो सुरू झाला. ४ फेब्रुवारी २०२०ला मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली. पण बँक नुसती निर्बंधांखाली असेल तर विम्याचे पैसे मिळत नसत. लोक वर्षानुवर्षं ताटकळत. २०२१मध्ये विमा कायद्यात '१८अ' हे कलम आलं आणि अशा ठेवीदारांनाही नव्वद दिवसांत पैसे देण्याची तरतूद झाली. फुफींना पाच लाख मिळाले ते या कलमामुळे. उरलेले दीड लाख अजून अडकलेले आहेत, कारण मर्यादा एका बँकेतल्या एका ठेवीदाराला, मुद्दल-व्याज धरून. शाखा कितीही असोत. बिनव्याजी चालू खातंही विम्यात येतं. पतसंस्था आणि भिशी मात्र येत नाही.

मुंब्र्याची माझी भाची ठाण्याच्या टीएमसी लॉ कॉलेजात शिकते. वकील म्हणजे कोर्टात उभा राहणारा, असंच आपण धरून चालतो. रिझर्व्ह बँकेचा स्वतःचा विधी विभाग आहे, हे तिला फुफींच्या नोटिशीमुळे कळलं. निर्देश कायद्यात बसतात का, ते तिथले अधिकारी तपासतात, नियमांचे मसुदे पाहतात, आदेशाला कोर्टात आव्हान मिळालं की बाजूची तयारी करतात. एक शब्द सैल राहिला तर आदेश टिकत नाही, आणि त्याची झळ रांगेतल्या माणसाला लागते.

या विभागात 'ब' श्रेणीत विधी अधिकारी म्हणून भरती होते. कायद्याच्या पदवीला निदान पन्नास टक्के, वकिलीचा दोनेक वर्षांचा अनुभव, कायद्याचा आणि इंग्रजीचा पेपर, मग मुलाखत. वयाची अट असते, म्हणून जाहिरात नीट वाचावी. पुढे बढती मिळत विधी सल्लागारापर्यंत जाता येतं.

भाचीचे अब्बा म्हणाले, "दोन वर्षं कोर्टात फुकट राबायचं?" प्रश्न खोटा नाही, नव्या वकिलाच्या हातात सुरुवातीला फारसं काही पडत नाही. फुफींनी मध्येच विचारलं, "माझ्या दीड लाखाचा अर्ज कोण लिहिणार?" भाचीने कागद पुढे ओढला.